संपगणकाला विचारलेला दुसरा प्रश्न

कोल्हापूरच्या समेट प्रयोगशाळेत संप करायला गादीच्या खुर्च्या होत्या. यशवंत मगदूम तिथे गेले की दर वेळी त्यांच्या मनात हेच यायचं. त्यांनी खरा संप केला होता तो फाउंड्रीच्या गेटसमोर, खडीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर बसून, बारा वर्षांपूर्वी, सलग त्रेपन्न दिवस. त्यानंतर कायदा झाला आणि संप या वातानुकूलित खोलीत आला. काचेच्या भिंतीमागे तो यंत्रावर बावीस मिनिटांत उरकायचा, आणि तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंना चहा मिळायचा.

मगदूम हे त्या फाउंड्रीतल्या कामगार संघटनेचे वीस वर्षांचे सरचिटणीस. चारशे बारा सभासद त्यांना आण्णा म्हणत. आवाज असा की भट्टीच्या घरघरीवरून ऐकू जावा. आपल्या या आवाजावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नव्हतं.

समोर कंपनीचे व्यवस्थापक सबनीस बसले होते. मध्ये प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वैजयंती खांबेटे. त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला.

"टिकाव, चव्वेचाळीस दिवस."

टिकाव म्हणजे आज संप पुकारला तर संघटना किती दिवस एकजुटीने उभी राहील, त्याचा आकडा. संपगणक नावाच्या यंत्रात प्रत्येक सभासदाचं आणि त्याच्या घरच्यांचं एक प्रतिरूप होतं. कोण कोणाला फोन करतो, कोण कोणाच्या आजारपणात धावतो, कोणाच्या बोलण्यावर कोण मान डोलावतो, अशा वर्षानुवर्षांच्या, रोज भर पडणाऱ्या नोंदींवरून ही प्रतिरूपं घडवलेली. गणक त्यांच्याकडून दहा हजार वेळा संप करवून घ्यायचा आणि सरासरी काढायचा. संपाचा शेवट आधीच कळत असेल, तर मधले दिवस जाळायचे कशाला, असं कायदा म्हणायचा. म्हणून त्या शेवटावरच दोन्ही बाजू सह्या करायच्या. पहिली मोजणी झाली की चौदा दिवस नोटिशीचे, मग अंतिम मोजणी, आणि ती बंधनकारक.

या वेळी प्रश्न कोअर शॉपचा होता. पंप ओतताना त्याच्या पोटात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे कोअर बसवतात. ते हाताने घडवणारी नव्वद माणसं त्या विभागात होती, बहुतेक बायकाच. कंपनीला तिथे हे कोअर आपोआप घडवणारं वाळूछपाई यंत्र आणायचं होतं. टिकाव चाळिसाच्या वर राहिला, तर नव्वदही जणांना नवं यंत्र शिकवून कामावर ठेवायचं. तिसाच्या खाली गेला, तर कोअर शॉप बंद आणि नव्वद जण घरी. मधे कुठे अडकला, तर निम्मे.

"चव्वेचाळीस," मगदूम खुर्चीत रेलले. "घ्या सबनीससाहेब, पेढे मागवा."

सबनीस हसले. "मागवू की. पण डॉक्टर, या वेळी आमची एक विनंती आहे. आकडा कळतो, पण तो कोणामुळे येतो ते कळत नाही. प्रतिनिधींच्या वजनाचा तक्ता उघडा करावा. सगळं कसं पारदर्शक."

"दोन्ही बाजूंची संमती लागेल," खांबेटे म्हणाल्या.

"आधी मला सांगा, हे वजन काढता कसं?" मगदूमांनी विचारलं.

"सोपं आहे. एका माणसाचं प्रतिरूप बाजूला ठेवायचं आणि त्याच्याशिवाय संप पुन्हा चालवायचा. जितके दिवस कमी भरतील, तितकं त्या माणसाचं वजन. सगळ्यांच्या वजनांची बेरीज टिकावाएवढी होत नाही, कारण माणसं एकमेकांच्या आधारावर उभी असतात. पण कोण गेलं तर किती कोसळेल, ते कळतं."

"म्हणजे मी नसलो तर काय होईल, ते दिसेल?"

"दिसेल."

मगदूमांनी क्षणाचाही विचार न करता सही ठोकली. खरं सांगायचं तर या तक्त्याची ते बारा वर्षं वाट पाहत होते. त्रेपन्न दिवस कोणामुळे टिकले, हे एकदा यंत्राच्या तोंडून सगळ्यांना ऐकवावं, अशी त्यांची फार दिवसांची हौस होती.

तक्ता उघडला. पहिल्या ओळीत नाव होतं रेश्मा आडनाईक, एकोणीस दिवस. मगदूमांनी आपलं नाव दुसऱ्या ओळीत शोधलं, मग तिसऱ्या. ते पाचव्या ओळीत सापडलं. यशवंत मगदूम, सहा दिवस.

"यंत्रात काहीतरी गडबड हाय," ते म्हणाले.

"गडबड नाही," खांबेटे म्हणाल्या. "संप गेटवर क्वचितच मोडतो. तो स्वयंपाकघरात मोडतो. कोणीतरी म्हणतं, आता पुरे, उद्या कामावर जा. हे वाक्य या बाईंमुळे पुढे ढकललं जातं."

सबनीस पडद्याकडे पाहत नव्हते, मगदूमांकडे पाहत होते. मगदूमांच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

रेश्मा आडनाईक कोअर शॉपमधली. चव्वेचाळीस वर्षांची, बोलायला साधी, सभेत मागे बसणारी. तिला समितीत घेतलं होतं ते मगदूमांनीच, एक बाई असावी म्हणून. तिची एक सवय होती. कोणी कामावर आलं नाही, की पाळी संपल्यावर ती स्कूटर काढून त्याच्या घरी जायची. चौकशी करायची, चुलीपाशी बसायची, अर्धी भाकरी खायची आणि निघायची. चौदा वर्षांत चारशे बारा घरांपैकी एकही स्वयंपाकघर तिने पाहायचं राहिलं नव्हतं. मगदूम याला बायकी उद्योग म्हणायचे. त्या उद्योगाचे एकोणीस दिवस आणि त्यांच्या आवाजाचे सहा!

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. रेश्मा समोरून आली की पोटात आग पडायची. कोणी तिला हात केला, की ते मनात मोजायचे, आज हा कितवा. कॅंटीनमध्ये ती शिरली की तीन टेबलांवरून तिला बोलावणं यायचं. पूर्वीही येत असणार, पण पूर्वी त्यांनी ते पाहिलं नव्हतं. त्यांना मात्र लोक उठून जागा द्यायचे आणि जरा वेळाने दुसरीकडे जाऊन बसायचे. याला आदर म्हणतात, असं ते इतकी वर्षं समजत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटाघाटीच्या समितीतून तिचं नाव काढलं. कारण लिहिलं, प्रकृती. तिची प्रकृती ठणठणीत होती. पाचव्या दिवशी फलकावर नोटीस लागली, की यापुढे सरचिटणीसांच्या पत्राशिवाय कोणत्याही प्रतिनिधीने सभासदाच्या घरी जाऊ नये. रेश्माने ती वाचली आणि ती त्यांच्या टेबलापाशी आली.

"आण्णा, भट्टीवरच्या खोतांच्या आईचं ऑपरेशन झालंय. जाऊ का?"

"अर्ज दे. बघतो."

"बरं आण्णा."

ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती बरं म्हणाली, म्हणून ते आणखी चिडले. त्या चिडीतच सातव्या दिवशी, चहाच्या गाड्यावर, पाच-सहा जण कान देऊन ऐकत असताना ते सहज बोलल्यासारखं बोलून गेले, "सबनीससाहेबांच्या तक्त्यात हिचंच नाव वर कसं आलं, इचारा की जरा. उगंच येतंय व्हय?"

एकाने ग्लास ठेवला आणि तो निघून गेला. दोन दिवसांत ते वाक्य भट्टीपासून पॅकिंगपर्यंत पोचलं. कॅंटीनमध्ये रेश्माच्या टेबलावर आता ती एकटीच डबा खायची. मगदूमांना आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी जेवताना त्यांची बायको सुनंदा म्हणाली, "ह्या आठवड्यात रेश्मा आली न्हाई."

मगदूमांनी मान वर केली. "कुठं? आपल्या घरी?"

"मग? बारा वर्षं येतीया. तुम्ही सभेला असता तवा."

"तिचं काय काम हितं?"

सुनंदाबाईंनी तवा उतरवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आज इचारताच हाय तर सांगते. तुमच्या त्या संपात चाळिसाव्या दिवशी मी पिशवी भरली हुती. माहेरला जाणार हुते. आणि जायच्या आधी गेटवर येऊन सगळ्यांदेखत सांगणार हुते, बास झालं तुमचं. तेवढ्यात रेश्मा आली. तवा कामाला लागून दोन वर्षं झाली हुती तिला. हितं बसली, मेथी निवडली, म्हणाली, वैनी, आजचा दिवस थांबा, उद्या परत येते. तेरा दिवस रोज आली."

चाळीस आणि तेरा. मगदूमांनी बेरीज केली आणि ताट सरकवलं. सरचिटणीसाची बायको गेटवर येऊन संप मोडायला सांगते, म्हटल्यावर मागे कोण थांबलं असतं? ज्या त्रेपन्न दिवसांवर ते बारा वर्षं छाती काढून फिरले, त्यांतले शेवटचे तेरा त्यांच्याच घरात त्या बाईने राखले होते. माणसाला आभार वाटायला हवेत. मगदूमांना वाटला तो निव्वळ मत्सर. हिने माझं घर तरी वगळायचं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच प्रयोगशाळेत गेले. तिला बाजूला करूनही आकडा जागच्या जागी आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. खांबेटेंनी मधली मोजणी लावली. बावीस मिनिटं मगदूम चहाला शिवले नाहीत.

"सत्तावीस," खांबेटे म्हणाल्या.

"किती?"

"सत्तावीस दिवस. कोअर शॉप बंद होतंय, मगदूमसाहेब."

मगदूम उठून उभे राहिले. त्यांचा तो प्रसिद्ध आवाज काचेवर आदळला. "कंपनीनं यंत्रात हात घातलाय! धा दिवसांत सतरा दिवस गेले कुठं?"

खांबेटे शांत होत्या. "यंत्राला कोणी हात लावलेला नाही. तुम्हाला प्रश्नवही पाहायची आहे का?"

"कसली वही?"

खांबेटेंनी समजावून सांगितलं. "संपगणकाला कोणत्याही बाजूने कितीही प्रश्न विचारता येतात. असं केलं तर टिकाव किती, तसं केलं तर किती. प्रश्न दहा दिवस विचारणाऱ्याखेरीज सगळ्यांपासून झाकलेला राहतो. मग कोणत्याही बाजूने मागितला तर दाखवावा लागतो. हे कायद्यात आहे. बारा वर्षांत कंपनीने तीनशे सोळा प्रश्न विचारले. तुमच्या संघटनेने बारा, आणि ते सगळे एकच. टिकाव किती? कंपनीची पानं तुम्ही एकदाही मागितली नाहीत."

मगदूमांना ते कधी सुचलंच नव्हतं. यंत्रापुढे हात जोडून प्रश्न विचारत बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पुढाऱ्याने उत्तरं द्यायची असतात, अशी त्यांची समजूत होती.

"दाखवा," ते म्हणाले.

शेवटचं पान बारा दिवसांपूर्वीचं होतं, म्हणजे पहिल्या मोजणीच्याही दोन दिवस आधीचं. प्रश्न होता, 'प्रतिनिधींच्या वजनाचा तक्ता सरचिटणीसांना दाखवला, तर त्यानंतर दहाव्या दिवशी टिकाव किती?' उत्तर होतं, सत्तावीस. खाली गणकाने कारणं दिली होती. सरचिटणीस प्रतिनिधी आडनाईक यांना समितीतून काढतील. त्यांच्या घरभेटी थांबवतील. त्यांच्या निष्ठेविषयी चारचौघांत शंका काढतील.

मगदूमांनी पान दोनदा वाचलं. चहाचा गाडासुद्धा त्यात होता.

"माझ्या पोटातलं ह्याला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"तुमचंही प्रतिरूप आहे आत. तुमच्या सभेत दुसरं कोणी बोलायला उभं राहिलं, की तुम्ही किती वेळात माईक परत घेता, याची बारा वर्षांची नोंद आहे. सरासरी सत्तर सेकंद."

मगदूम खाली बसले. सबनीसांनी त्यांना लाच दिली नव्हती की धमकी दिली नव्हती. फक्त एक खरा आकडा दाखवला होता, आणि पुढचं सगळं मगदूमांनी फुकटात करून दिलं होतं. नव्वद घरांच्या पोटावर पाय त्यांनीच दिला होता. त्यांना लाज वाटली. आणि नवल असं, की त्या लाजेच्या खाली मत्सर तसाच धगधगत होता. तो काही हलायला तयार नव्हता.

मग ते म्हणाले, "मी एक इचारू का?"

"विचारा. तुमच्या संघटनेचा हा पहिलाच वेगळा प्रश्न."

"मी चारचौघांत कबूल केलं, की जे बोललो ते खोटं हुतं... आणि सरचिटणीसपद सोडून तिला बसवलं... तर?"

पुन्हा बावीस मिनिटं. पडद्यावर अठ्ठावन्न आला. त्रेपन्नपेक्षा पाच जास्त. खांबेटे खुर्चीत सावरून बसल्या.

"तक्ता बघायचा आहे?"

नको म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. तक्त्याने एकदा काय केलं ते समोर होतं. पण मगदूम मगदूम होते. "दाखवा," ते म्हणाले.

पहिल्या ओळीत नाव होतं यशवंत मगदूम, एकतीस दिवस. दुसऱ्या ओळीत रेश्मा आडनाईक, एकोणतीस.

"हे कसं?"

"तुमचं प्रतिरूप बाजूला ठेवलं, की ही कृतीही जाते आणि पुन्हा सत्तावीसच उरतात. अठ्ठावन्न वजा सत्तावीस. वीस वर्षं खुर्ची धरून बसलेला माणूस स्वतःहून उठला, तर लोक एकमेकांवर किती विश्वास टाकतात, ते यात दिसतंय. या प्रयोगशाळेत एका माणसाचं एवढं वजन मी अजून पाहिलेलं नाही."

मगदूमांनी ते दोन आकडे डोळे भरून पाहिले. एकतीस, एकोणतीस. तिच्यापेक्षा दोन दिवसांनी पुढे! दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या पोटातली आग जरा शांत झाली.

"ह्याची एक प्रत द्या मला," ते म्हणाले.

"देता येईल. पण आधी खालची ओळ वाचा."

खाली लिहिलं होतं, 'हा तक्ता सभासदांना कळल्यास टिकाव बावीस.'

"आकड्यासाठी केलं असं कळलं, तर त्याला काही अर्थ उरत नाही," खांबेटे म्हणाल्या. "तुम्ही पहिले आहात, मगदूमसाहेब. पण ते कोणाला सांगता येणार नाही."

मगदूम हसले. बरंच हसले. मग म्हणाले, "तक्ता बंद करा. शेवटच्या मोजणीलाही उघडायचा न्हाई. संघटनेची संमती न्हाई म्हणून लिहा."

दुपारी तीनला पाळी बदलताना त्यांनी गेटसभा बोलावली. जन्मभर भाषणं केलेल्या माणसाला त्या दिवशी शब्द सापडेनात. "चहाच्या गाड्यावर मी रेश्माबद्दल बोललो. ते खोटं हुतं. मला तिचा हेवा वाटला, म्हणून बोललो." एवढं बोलायला त्यांना जितका घाम फुटला, तितका भट्टीपुढेही कधी फुटला नव्हता. मग त्यांनी नोटीस फाडली, पदाचा राजीनामा वाचला आणि तिचं नाव सुचवलं. रेश्मा नको नको म्हणत होती. त्यांनी तिच्या हातात माईक दिला आणि मुद्दाम मागे जाऊन उभे राहिले, परत घ्यायचा मोह नको म्हणून. गेट दणाणून गेलं, तिच्या नावाने. शेजारचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आण्णा थकले रं आता." मगदूमांनी ते ऐकलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

चौदाव्या दिवशी अंतिम मोजणी झाली. अठ्ठावन्न. सबनीसांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग त्यांची नजर मागच्या रांगेतल्या खुर्चीकडे गेली, तिथे मगदूम चहा पीत होते. रेश्माने वाचून, समजून सही केली. नव्वदही जण राहिले.

त्यानंतरचे दिवस मगदूमांना जड गेले. लोक भेटायचे, तब्येत विचारायचे आणि पुढे जायचे. आपण पहिले आहोत, हे वाक्य रोज जिभेवर यायचं आणि रोज गिळावं लागायचं.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी रेश्मा घरी आली. सुनंदाबाई अंगणात वाळवण काढायला गेल्या होत्या. ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आण्णा, एकतीस दिवस."

मगदूमांनी पेला खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. पद घेतलं त्याच दिवशी मी प्रश्नवही मागितली. मॅडम म्हणाल्या, एक पान अजून झाकलंय, धा दिवसांनी या. काल मुदत भरली, आज गेले. माझ्यापेक्षा दोन दिवस पुढं हाय तुम्ही."

हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायला ते आसुसले होते. चारशे बारा माणसांपैकी ते हिच्याच तोंडून यावं, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आणि कुणाला बोललीस?"

"बोलले तर बावीसवर येतंय न्हवं?"

"पण वही मागायचं सुचलं कसं तुला?"

"त्यात काय सुचायचं, आण्णा? आपल्या माणसांबद्दल कोण काय इचारतंय, ते बघायला नको?"

वीस वर्षं त्या खुर्चीत बसून मगदूमांना हे एकदाही सुचलं नव्हतं. हिला पहिल्या दिवशी सुचलं. पोटात पुन्हा तीच ओळखीची आग उठली, आणि या वेळी त्यांनी ती कोणापासून लपवली नाही.

"लई हेवा वाटतो बघ तुझा," ते म्हणाले, आणि अंगणाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं सुनंदा, रेश्मा आलीय. हिला अर्धी भाकरी वाढ."